नसलेल्या माणसाने विकलेली लेखमाला

जे संपादनाचं काम करतात त्यांनी हे वाचावं, आणि जे फक्त वाचतात त्यांनीही. आमच्या नियतकालिकाला वैद्यकाच्या इतिहासावरची एक लेखमाला विकली गेली. लेखक निवृत्त डॉक्टर असल्याचं सांगितलं गेलं होतं. लेख ठरल्या दिवसाच्या आधीच यायचे, भाषा स्वच्छ असायची, प्रत्येक लेखाखाली संदर्भांची यादी आणि सोबत एखादं जुनं छायाचित्र. अर्धं मानधन आगाऊ दिलं होतं, उरलेलं मालिका सुरू झाल्यावर मागून घेतलं गेलं. नंतर कळलं की संदर्भांतले बरेचसे अस्तित्वातच नाहीत, छायाचित्रं एआयने बनवलेली आहेत आणि त्या नावाचा डॉक्टर कुठल्याही नोंदीत सापडत नाही. पैसे परत आले नाहीत. माझा खरा संताप मात्र पैशांवरून नाही. आमच्या अंकावर भरवसा ठेवून ज्यांनी ती माहिती पुढे सांगितली, त्यांच्या पदरात खोटं पडलं, याचा आहे.

ही गोष्ट उघडकीला आणली ती एका वाचक बाईंनी. त्या परिचर्येच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. आमचा एक लेख एकोणिसाव्या शतकातला डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस याच्यावर होता आणि त्यात त्याने एका मित्राला लिहिलेलं पत्र उद्धृत केलं होतं. बाईंनी लिहिलं, "ताई, हे पत्र मला वर्गात दाखवायचं आहे. मूळ कुठे मिळेल? यात तो सूक्ष्मजंतू पाहिल्याचं म्हणतो. मला ते पटत नाही."

त्यांना ते पटलं नाही, कारण सेमेलवाइसची गोष्ट त्यांना आतून ठाऊक होती. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका दगावत. १८४७ च्या मार्चमध्ये सेमेलवाइसचा सहकारी याकोब कोलेचका शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मेला आणि त्याच्या शरीरात बाळंतिणींसारखीच लक्षणं आढळली. तिथून सेमेलवाइसने अंदाज बांधला की डॉक्टरांच्या हातांवरून प्रेतांचे कण बाळंतिणींपर्यंत जात असावेत. त्याने मे महिन्यात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या पुढे असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं. पण त्याने जंतू पाहिले नव्हते. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धांत तेव्हा उभाच राहिला नव्हता. पाश्चरचं त्यावरचं महत्त्वाचं काम १८६० च्या दशकातलं. सेमेलवाइसकडे आकडे होते, कारण पटवून देता येत नव्हतं, आणि म्हणून त्याला लोकांनी हिणवलं. १८६५ मध्ये तो वेड्यांच्या रुग्णालयात मेला. त्याच्या शोकांतिकेचं मूळच हे. आमच्या अंकातल्या लेखाने मात्र त्याच्या हातात सूक्ष्मदर्शक दिला आणि ती शोकांतिका पुसून टाकली.

असं का घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. एआयचं भाषेचं प्रारूप एकामागून एक संभवनीय शब्द मांडत जातं. हात धुणं आणि जंतू ही जोडी जगातल्या असंख्य वाक्यांमध्ये एकत्र आलेली आहे. त्यामुळे विशेष माहिती जिथे विरळ असते तिथे लिखाण सवयीच्या वाटेला लागतं. त्याची चूक बहुधा अपेक्षित दिशेने होते, आणि अपेक्षित असल्यामुळे ती वाचताना खटकत नाही. माणूस चुकतो तेव्हा सन उलटसुलट करतो, नाव विसरतो, एखाद्या गोष्टीत स्वतःचा हट्ट घुसवतो. इथे उलट, सगळं फार नीट जुळतं. एखादी ऐतिहासिक व्यक्ती आपल्या आजच्या समजुतीशी फारच सोयीने सहमत होत असेल, तर तिथे थांबून मूळ शोधा.

आम्ही पत्राचा संदर्भ शोधायला घेतला. यादीत लेखकाचं आडनाव, वर्ष, नियतकालिकाचं खरं नाव, खंड, पृष्ठं, सगळं होतं. नियतकालिक खरं, खंड खरा, पण त्या पानांवर दुसराच लेख. दुसऱ्या संदर्भाला डीओआय क्रमांक होता, म्हणजे शोधनिबंध ऑनलाइन शोधण्यासाठीचा कायमचा ओळख-क्रमांक. तो टाकला तर क्रमांकच अस्तित्वात नसल्याचं उत्तर आलं. तिसऱ्या संदर्भातल्या क्रमांकाने भलत्याच विषयावरचा शोधनिबंध उघडला. संदर्भाला ठरावीक साचा असतो आणि साचा भरणं या यंत्रांना उत्तम जमतं. आत जी नावं आणि आकडे बसतात ते खरे असण्याची हमी तो साचा देत नाही. यादी लांब दिसली की आपण निश्चिंत होतो आणि वाचून पुढे जातो. विकणाऱ्याचा सगळा धंदा त्या निश्चिंतपणावर चालतो.

मी त्या "डॉक्टरां"ना विचारलं. काही मिनिटांत उत्तर आलं, अत्यंत नम्र: आपलं अगदी बरोबर आहे, संदर्भ देताना गफलत झाली, हा घ्या योग्य संदर्भ. तोही खोटाच निघाला. पुन्हा विचारलं, पुन्हा तितकीच नम्र कबुली आणि तिसरा संदर्भ. ज्याने स्वतः पत्र वाचलं आहे असा माणूस असं वागत नाही. तो चिडेल, वाद घालेल, किंवा "थांबा, वही शोधतो" म्हणून आठवडाभर गायब होईल. इथे विरोध असा कुठेच नव्हता.

हे जगात आणखीही झालेलं आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी न्यायालयात जे निवाडे सादर केले, त्यांतले काही चॅटजीपीटीने रचलेले होते. निवाडा खरा आहे का, असं त्यांनी चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि त्याने हो म्हटलं होतं. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्सने उन्हाळ्यात वाचण्याच्या १५ पुस्तकांची यादी छापली, त्यातली १० पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती. पुरवणी बाहेरून आली होती. आमच्यासारखंच, वर्तमानपत्राचं नाव आणि माल दुसऱ्याचा. शंका आल्यावर ज्याच्यावर शंका आहे त्यालाच खातरजमा विचारणं यात काहीच हाती लागत नाही.

आता छायाचित्राबद्दल, कारण ते अजून फिरतं आहे. सेमेलवाइसच्या लेखासोबत "१८४७ मधला विभाग" म्हणून एक करडं छायाचित्र होतं. एका बाजूला खाटा, मधे नळ, त्याखाली तरुण डॉक्टर हात धुतो आहे आणि हातांवरून पाण्याचे थेंब उडताहेत. प्रत्येक थेंब सुटा आणि स्पष्ट. पहिल्या नजरेला सुरेख. पण छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जाहीर झाली आणि १८४७ साली एका चित्रासाठी काही सेकंद तरी कॅमेऱ्यासमोर निश्चल राहावं लागे. हलणारी वस्तू पुसट व्हायची, वाहतं पाणी धुक्यासारखं दिसायचं. क्षणात थांबवलेली हालचाल टिपण्याचा छायाचित्रणाचा एक इंग्रज जनक फॉक्स टॅल्बट याचा प्रयोग १८५१ चा, तोही विजेच्या ठिणगीच्या उजेडात. त्या काळच्या रुग्णालयात उडते थेंब थिजवणारं छायाचित्र होऊच शकत नाही. मागच्या फळ्यावरची अक्षरं जवळून पाहिली तर ती कुठल्याच लिपीतली नव्हती. प्रतिमेचा शोध घेतला तर आमच्या अंकाआधी तिचा कुठेही माग नाही, कुठल्या संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक नाही. खऱ्या जुन्या छायाचित्राला बहुधा असा इतिहास असतो: कुणी काढलं, कुठे ठेवलं, कुणी प्रथम छापलं.

बनावट प्रतिमा ओळखायला तिच्यातल्या हातांची बोटं मोजा, असं सगळे सांगतात. तो उपाय आता टिकत नाही, नव्या प्रतिमांत हात बहुतेकदा व्यवस्थित येतात. लेखकाच्या परिचयातल्या चेहऱ्यात मात्र एक खूण होती. काही प्रणाली ज्या चेहऱ्यांवर शिकवल्या जातात ते डोळे ठरावीक जागी येतील असे सरळ करून घेतलेले असतात, म्हणून त्यांनी बनवलेल्या चेहऱ्यांचे डोळेही चौकटीत जवळजवळ त्याच जागी येतात. आमच्या डॉक्टरांचा फोटो आणि त्याच पद्धतीने बनवलेले इतर चेहरे एकमेकांवर ठेवले की डोळे जुळत. कानाजवळचे केस त्वचेत विरत होते. पण हीही खूण आज आहे, उद्या नसेल. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना खरे आणि बनवलेले चेहरे ओळखायला दिले, तेव्हा उत्तरं निम्म्याच्या आसपासच बरोबर आली, आणि बनवलेले चेहरे त्यांना जरा जास्तच विश्वासार्ह वाटले. डोळ्यांवर सगळा भार टाकू नका.

सगळे लेख नंतर एका बैठकीत वाचले, तेव्हा भाषेतलं साम्य दिसलं. परिच्छेद सारखे, प्रत्येकाच्या शेवटी गोळीबंद वाक्य, विशेषणं तीन-तीनच्या गटाने, आणि "हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे" जागोजाग. एकही लेख कुठे वाहवत गेला नव्हता. ज्याने वर्षानुवर्षं एखादा विषय जपला आहे तो एका तपशिलावर रेंगाळतो, एखाद्या जुन्या लेखकाशी भांडतो, कंटाळवाणा भाग दोन ओळींत उरकतो. इथे सगळ्याला सारखाच वेळ दिला होता. मराठीत बोलताना सहज येणारे "तर", "ना", "की काय" असे बारीक शब्द जवळजवळ नव्हते.

तरी याच खुणांवर कुणाला दोषी ठरवू नका. हे मी ठासून सांगते, कारण आमच्याकडे तेही होऊ घातलं होतं. प्रकार उघड झाल्यावर एका सहकाऱ्याने आमच्या जुन्या लेखिकेचा नवा लेख तपासणीच्या साधनात टाकला आणि ते साधन म्हणालं, एआयने लिहिलेला. त्या बाई शिस्तीने, छोट्या वाक्यांत लिहितात, ही त्यांची पद्धत फार जुनी आहे. त्यांच्या हस्तलिखिताची पानं माझ्याकडे होती म्हणून तो आरोप तिथेच थांबवता आला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं ओळख-साधन आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत त्याने एआयचा फक्त २६ टक्के मजकूर ओळखला आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर खोटा शिक्का मारला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी ते मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लोकांचे परीक्षेतले निबंध अशी साधनं निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरवत होती. ज्याच्या भाषेत साधेपणा आहे तो सगळ्यात आधी भरडला जातो. मराठीतल्या मजकुरावर अशा साधनाची टक्केवारी दाखवून कुणाचं काम काढून घेणं हा उघड अन्याय आहे.

म्हणून आम्ही आता लेखाच्या मागे काय आहे ते बघतो. प्रत्येक उद्धृतासाठी मूळ पानाचा फोटो मागतो, मूळ पुस्तकाच्या मुखपृष्ठासकट. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडतो, आणि तो आहे एवढ्यावर न थांबता त्या पानावर तेच लिहिलं आहे का ते वाचतो. कच्चा खर्डा आणि टिपणं पाहायला मागतो. छायाचित्र कुठल्या संग्रहातलं, हे लेखकाने सांगायचं. काही कॅमेरे आणि एआयची साधनं हल्ली फाइलमध्ये तिच्या उगमाची नोंद ठेवतात, पण स्क्रीनशॉट घेतला की ती गळून पडते, तेव्हा नोंद नसणं हा कशाचाच पुरावा नाही. आणि लेखकाशी समोरासमोर बोलतो. त्या डॉक्टरांनी बोलायला कायम टाळलं. प्रकृतीचं कारण देत भारदस्त आवाजातला ध्वनिसंदेश तेवढा पाठवला. आवाजही बनवता येतो. दहा मिनिटांच्या बोलण्यात मधेच एक आडवा प्रश्न, "या लेखातून काय गाळलंत आणि का?", हा मला सगळ्यात उपयोगी वाटतो. ज्याने काम केलं आहे त्याच्याकडे गाळलेलं खूप असतं आणि ते सांगायला त्याला आवडतं.

एआयची मदत घेऊन कुणी शुद्धलेखन सुधारत असेल, परदेशी मजकूर समजून घेत असेल, तर आमचं त्याला काही म्हणणं नाही, फक्त आम्हाला तसं सांगावं. न वाचलेलं वाचलं म्हणून विकणं ही मात्र फसवणूक आहे.

लेखमाला आम्ही मागे घेतली आणि पहिल्याच पानावर खुलासा छापला. ज्यांनी ते पत्र आणि छायाचित्र आमच्याकडून उचललं त्यांना पत्रं पाठवतो आहोत. काहींनी काढलं, बऱ्याच जणांनी उत्तरही दिलेलं नाही. नळाखाली हात धुणारा तरुण डॉक्टर, उडणारे सुटे थेंब आणि खाली १८४७ असं छायाचित्र तुमच्याकडे आलं तर पुढे पाठवू नका. ज्याने पाठवलं त्याला ते बनावट असल्याचं कळवा, आणि ते एखाद्या वर्गात शिकवण्यासाठी वापरलं जात असेल तर त्या शिक्षकांपर्यंत कृपया पोचा.