दुबई की सिंगापूर, कंपनी कुठं काढायची?

पहिला प्रश्न कायम टॅक्सचा. दुबईत जून २०२३ पासून ९ टक्के, तोही ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर, सिंगापुरात १७. मग दुबईच की! पण मोठ्या परदेशी कंपन्या पैसा लावताना आधी बघतात की समोरच्यानं पैसे थकवले तर कोर्टात दाद लागते का आणि सरकार मागच्या तारखेनं नियम फिरवतं का. आपल्याकडं व्होडाफोन टॅक्सच्या खटल्यात जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकली आणि सरकारनं त्याच वर्षी कायदाच पूर्वलक्षी प्रभावानं बदलला, तो मागं घ्यायला २०२१ उजाडलं, असलं काही परदेशी गुंतवणूकदार सहजासहजी विसरत नसतो.

यात सिंगापूर उजवं, माझ्या मते बरंच. सगळ्या देशाला एकच कायदा, कोर्टाचं काम इंग्रजीत, कंपनीची नोंदणी ऑनलाइन. लाचलुचपत पकडणारं खातं १९५२ पासूनचं आणि ते नुसतं बोर्डापुरतं नाही, मंत्री राहिलेल्या ईश्वरन यांना व्हिस्की, सायकल, फॉर्म्युला वनची तिकिटं असल्या भेटी घेतल्या म्हणून आणि तपासात अडथळा आणला म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये १२ महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडं तिकिटांवरून मंत्री आत गेलाय कधी?

दुबईचं गणित वेगळं, एका शहरात कायद्याची दोन-तीन दुकानं. दुबईतल्या फायनान्शियल सेंटरचं (डीआयएफसी, वित्तीय कंपन्यांसाठीचा खास झोन) स्वतःचं इंग्रजी कोर्ट आहे, बाहेर मेनलँडला, म्हणजे अशा खास झोनबाहेरच्या दुबईत, गेलात की कामकाज मुख्यतः अरबीत, कागद भाषांतर करून द्या, आणि फ्री झोनचे नियम झोनागणिक निराळे. मेनलँडवर ५१ टक्के लोकल पार्टनरची अट बहुतेक धंद्यांसाठी २०२१ मध्ये गेली. २०२२ ते २४ यूएई एफएटीएफच्या ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे काळा पैसा रोखण्यात कमी पडणाऱ्या देशांच्या यादीत, होतं हेही ध्यानात ठेवा. टॅक्सच्या बाबतीत मात्र मानलं पाहिजे, जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला, लागू झाला जवळपास दीड वर्षानं.

आफ्रिका-आखाताशी मालाची खरेदी-विक्री असेल तर डोळे झाकून दुबई, जेबेल अलीसारखं बंदर दाराशी आहे. सॉफ्टवेअर असेल, बाहेरचे गुंतवणूकदार घ्यायचे असतील, तर सिंगापूर, फक्त तिथला रहिवासी असलेला एक डायरेक्टर लागतो, स्वतः राहणार नसाल तर त्याची फी दरवर्षी धरून चला. आणि दुबईत जाणार असाल तर करारात फायनान्शियल सेंटरच्या कोर्टाचं कलम सहीच्या आधी घालून घ्या, भांडण लागल्यावर समोरचा कशाला ऐकतोय.