हेरोदी की मेनोरावाला? प्राचीन ज्यू दिव्यांच्या प्रतिकृती घेताना

प्राचीन ज्यू मातीच्या दिव्यांच्या हाताने घडवलेल्या प्रतिकृती शोधायला बसलं की तीन नमुने पुन्हापुन्हा समोर येतात: काठ चिमटलेली उघडी बशी, साधा गोल ‘हेरोदी’ दिवा आणि मेनोरा (ज्यूंची सात फांद्यांची समई) आणि डाळिंबाची नक्षी असलेला साच्यातला दिवा. फोटोत नक्षीवाला भाव खाऊन जातो. पण दिवा पेटवायचा असेल तर मी हेरोदीच घ्यायला सांगेन.

बशीचं आधी उरकू. ती आपल्या पणतीची थोरली बहीणच. चिमटलेल्या टोकाशी वात टेकवायची, झालं. घडवायला सोपी, त्यामुळे प्रतिकृती सहसा फसत नाही. तेल मात्र सगळं उघडं. उचलताना हिंदकळतं आणि पावसाळ्यात किडे पडतात. शिवाय असल्या बशा त्या साऱ्या प्रदेशात सगळेच वापरत. जाड, उंच बुडाची बशी ही जेरुसलेमभोवतालच्या प्राचीन यहुदा राज्याची खासियत, इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातली. बूड सपाट असेल तर ‘ज्यू’ म्हणून वर पैसे मोजायचं कारण नाही.

हेरोदी दिवा दिसायला अगदीच साधा. नाव रोमन काळातल्या ज्यू राजा हेरोदचं, पण बहुतेक दिवे जळले ते त्याच्या मृत्यूनंतर. इ.स. 70 मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडेपर्यंत ते जोरात होते आणि पुढेही काही दशकं चालले. मृत समुद्राजवळच्या मसाडाच्या किल्ल्यावरही ते सापडले. उत्तरेकडच्या गोलानमधलं गमला, गालिलमधलं योदफात अशा ज्यू गावांतल्या दिव्यांची माती तपासली, तर बहुतेक दिवे जेरुसलेम परिसरातल्या मातीचे निघाले. गालिलमध्ये चांगले कुंभार होते, रोजची भांडी तिथलीच असत, तरी दिवा जेरुसलेमचा हवा! एवढा मान मिळालेल्या वस्तूवर नक्षी जवळजवळ नाहीच.

म्हणूनच इथे सगळी परीक्षा घडणीची. अंग चाकावर काढायचं, चोच वेगळी हाताने करून चिकटवायची आणि दोन्ही कडा सुरीने तासायच्या. पुढे चोच पसरट होत जाते. हातात घेतलात तर तासल्याच्या सपाट खुणा अंगठ्याला लागल्या पाहिजेत, तेलाच्या भोकातून बोट फिरवलं तर आत चाकाच्या वळ्या जाणवल्या पाहिजेत. त्याऐवजी कडेने आडवी शिवण दिसली तर तो साच्यातून काढलेला आहे. विक्रेता ‘हॅण्डमेड’ म्हणो, पैसे चाकाचे देऊ नका.

गंमत म्हणजे नक्षीच्या दिव्यात हीच शिवण खरेपणाची खूण. इ.स. 70 ते 135 च्या सुमारास दक्षिण यहुदियात बनलेले ‘दारोम’ दिवे मुळातच वरचा आणि खालचा अर्धा साच्यात दाबून जोडलेले. मेनोरा, द्राक्षं, डाळिंब, सुरया, काय हवं ते त्यांवर आहे. इथे शिवणीपेक्षा रेषा बघा. साचा झिजला की डाळिंबाचा नुसता फुगवटा उरतो. हे दिवे कपाटात ठेवायला झकास; पेटवले की वातीजवळची नक्षी काजळीने भरते आणि खाचांतली काजळी घासून निघत नाही.

तीनही दिवे चकाकी न दिलेले असतील तर तेल झिरपणारच. दिवाळीआधी पणत्या पाण्यात भिजवतो तसा हाही भिजवून, पुसून घ्या आणि खाली ताटली ठेवा. झिरपत नाही म्हणून चकाकीवाला घेणं मला पटत नाही. मूळ दिव्यांना ती नव्हती. ऑलिव्ह तेल महाग वाटलं तर तिळाचं घाला. मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मनियमांच्या संग्रहातल्या शब्बाथविषयक (शनिवारच्या विश्रांतीविषयीच्या) भागात रब्बी तर्फोन ऑलिव्हवरच अडून बसतात, पण इतरांच्या मते तिळाचंही चालतं. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू ‘शनवार तेल्यां’ना हे मत नक्कीच आवडलं असतं.

कुणी ‘प्रतिकृती नाही, खरा उत्खननातला’ म्हणू लागला तर इस्रायलच्या पुरातत्त्व प्राधिकरणाची निर्यात परवानगी मागा. 1978 च्या तिथल्या कायद्याप्रमाणे ती लागतेच. बुडावर मुद्दाम चोपडलेली माती आणि चोचीवरचा काळा डाग हा काही पुरावा नव्हे. चांगला कारागीर उलट बुडावर स्वतःची खूण कोरतो.

हनुक्कासाठी (ज्यूंच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणासाठी) घेत असाल तर आठ सुटे हेरोदी आणि शमाशसाठी (बाकीचे दिवे पेटवायच्या दिव्यासाठी) नववा, असा संच मागवा, आणि ऑर्डर देण्याआधी नऊही दिव्यांचा एकत्र फोटो मागा. चोची एकमेकींपासून थोड्याथोड्या वेगळ्या दिसायला हव्यात. नऊच्या नऊ तंतोतंत सारख्या असतील तर त्यांवर कुणाची सुरी फिरलेली नाही.