बेळगावच्या शहापुरातल्या चित्रकार सरांकडनं काढून घेतलेलं आज्जीचं चारकोल पोर्ट्रेट, घ्यावं का?

घ्यावं, पण फोटोसारखंच सगळं पाहिजे असेल तर नको, हे आधीच सांगतो. आमच्या घरात यावरनं दोन पार्ट्या झाल्यात. काकू म्हणते सरांनी अर्धवट काढून पैसे पूर्ण घेतले. मला नेमकं तेच अर्धवट आवडलंय.

दिलेला फोटो १९५० च्या आसपासचा, स्टुडिओतला, आज्जी नटूनथटून खुर्चीत बसलेली, इलकलची नऊवारी, खणाची चोळी, नथ, बुगडी, ठुशी, डोक्यावरनं पदर. सरांनी डोळे, नाक नि नथ एवढंच बारकाईनं काढलंय, साडी खाली जाईल तशी विरत गेलीय आणि गुडघ्यापाशी तर नुसता कागद, काठाची एक रेघ तेवढी. पदर मात्र बघण्यासारखा. तांबडा भाग कोळशानं गडद भरलाय आणि पांढरे पट्टे म्हणजे कागदच सोडलाय, पांढरा खडू कुठंच नाही. इलकल नेसणाऱ्या बायका लांबनंच ओळखतात की हो.

काकूचा दुसरा राग कुंकवावर, काळंकुट्ट का म्हणून. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नव्हता, म्हणून तसल्या फोटोत कुंकू आणि ओठ दोन्ही काळे येतात. सरांनी ओठ हलके केलेत पण कुंकू तसंच ठेवलंय, कॉम्प्रेस्ड चारकोलनं, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या गडद काळ्या कांडीनं, दाबून, अख्ख्या चित्रात सगळ्यात काळी जागा तीच, त्यामुळं नजर आधी कपाळावर जाते आणि तिथनं सरळ डोळ्यांत उतरते. हे मुद्दाम केलंय असं माझं मत. फोटोत आज्जी दागिन्यांखाली दबून घाबरल्यासारखी दिसते, चित्रात ती घाबरलेली नाही, 'झालं काय एकदाचं' म्हणून वाट बघतेय. ओठाचा एक कोपरा बोटानं पुसून सावलीत नेलाय, त्यानं ही गंमत झालीय आणि साडीचं ओझं कमी केलं म्हणूनच ती दिसतेय.

जॉन सिंगर सार्जंट या नावाजलेल्या अमेरिकन पोर्ट्रेट चित्रकारानंसुद्धा १९०७ च्या सुमारास ऑईल पोर्ट्रेटच्या ऑर्डरी जवळजवळ बंद करून चारकोलचा धडाका लावलेला, आणि त्यातही भारी भारी गाऊन दोन-चार फटकाऱ्यांत उरकलेले दिसतात. हे काकूला सांगून उपयोग नाही. पण चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या बेळगावात, जिथं रवी परांजपेंसारखे चित्रकार त्यांच्याकडं शिकले, तिथं तरी चित्राला 'रंग भरायचा राहिला' म्हणू नये एवढंच.

आता वाईट. हात जमलेले नाहीत. बांगड्या छान आणि बोटं गाजरासारखी. गणपतीआधी ऑर्डर दिलेली, दिवाळी झाल्यावर मिळालं, मध्ये फोन केला की 'होतंय की' एवढंच. सही पण जरा मोठीच आहे. पैसे फोटो मोठा करून लॅमिनेट करायच्या कितीतरी पट, पण हाताचं काम आहे, मला जास्त वाटले नाहीत.

फ्रेम मात्र स्वतः उभं राहून करून घ्या. आमच्या फ्रेमवाल्यानं काच थेट कागदाला चिकटवली आणि फिक्सेटिव्ह (कोळसा धरून ठेवायचा स्प्रे) मारलेलं असूनही कोळसा काचेला लागला. मध्ये जाड माउंट, म्हणजे काच कागदापासनं लांब ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, पाहिजेच, आणि काचेऐवजी ॲक्रिलिक शीट देतो म्हणाला तर नको म्हणा, ती पुसली की भुकटी ओढून घेते. सरांना फोटो देताना छातीपर्यंतच काढा म्हणून सांगा, हातांचा प्रश्नच येणार नाही.