कॅनडात मुलांच्या शिक्षणासाठी बचत: आरईएसपी, टीएफएसए की भारतातलं खातं?

बाळाचा सिन नंबर (कॅनडाचा सरकारी ओळख क्रमांक) घरी आला की सल्ले सुरू होतात. बँकेतली बाई म्हणते, आरईएसपी, म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठीचं नोंदणीकृत बचत खातं, उघडा. ऑफिसातला मित्र म्हणतो, "त्या भानगडीत पडू नकोस, टीएफएसएत टाक, हवे तेव्हा काढ." टीएफएसए म्हणजे करमुक्त बचत खातं. आणि मुलगी झाली असेल तर रविवारच्या फोनवर पुण्याहून बाबा विचारतात, "सुकन्या समृद्धी का नाही काढत? ८.२ टक्के देतायत."

बाबांचा प्रश्न आधी मिटवू, कारण तो सगळ्यात लवकर मिटतो. अनिवासी भारतीयांना सुकन्या खातं उघडता येत नाही. भारतात असताना उघडलं असेल, तरी मुलगी अनिवासी झाल्यावर ते बंद करावं लागतं. नवं पीपीएफही निघत नाही. जुनं असेल तर मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. उरतात मुदत ठेवी. एनआरई ठेवीचं (अनिवासी भारतीयांच्या रुपयातल्या ठेवीचं) व्याज भारतात करमुक्त असतं खरं, पण कॅनडाचा रहिवासी जगभरातल्या उत्पन्नावर इथे कर भरतो, त्यामुळे ते व्याज इथल्या विवरणपत्रात दाखवावंच लागतं. परदेशातल्या गुंतवणुकीची खरेदी किंमत १ लाख डॉलरच्या वर गेली तर टी-११३५ हा वेगळा फॉर्म. शिवाय फी भरायची डॉलरमध्ये. २०१०च्या सुमारास ४५ रुपयांच्या आसपास मिळणारा कॅनेडियन डॉलर आज साठीच्या पलीकडे आहे. भारतात पैसे ठेवायला इतर कारणं असतील. टोरांटो किंवा वॉटर्लूची फी हे त्यातलं नाही.

आता खरा सामना आरईएसपी आणि टीएफएसएचा.

आरईएसपीत तुम्ही वर्षाला २,५०० डॉलर भरलेत की केंद्र सरकार त्यावर २० टक्के, म्हणजे ५०० डॉलर, घालतं. हे सीईएसजी अनुदान १९९८पासून चालू आहे आणि एका मुलामागे जन्मभरात जास्तीत जास्त ७,२०० डॉलर मिळतं. महिन्याचा हप्ता साधारण २०८ डॉलर. तेवढेच पैसे टीएफएसएत टाकले तर सरकार एक डॉलरही घालत नाही. तिथला फायदा वेगळा: वाढ पूर्ण करमुक्त, कशासाठी काढलेत हे कोणी विचारत नाही, आणि काढलेल्या रकमेची जागा पुढच्या वर्षी परत मिळते. २०२५ची मर्यादा ७,००० डॉलर आहे. नवीन आलेल्यांची जागा मात्र ते रहिवासी झाले त्या वर्षापासूनच मोजतात.

इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. "आरईएसपी वीस टक्के देतं" हे ऐकून काहीजण त्याला दरवर्षीचा परतावा समजतात. तसं नाही. प्रत्येक डॉलरवर वीस सेंट एकदाच मिळतात; पुढची वाढ तुम्ही कशात गुंतवलंत त्यावर ठरते. तरीही पहिल्याच दिवशी २,५००चे ३,००० होतात, आणि टीएफएसएला ही बरोबरी बाजाराच्या जिवावर करावी लागते. म्हणून माझं मत सरळ आहे: मुलामागे वर्षाचे पहिले २,५०० आरईएसपीत, त्यावरचं जे उरेल ते टीएफएसएत. आरईएसपीत एका मुलासाठी एकूण ५०,००० डॉलर भरता येतात, पण ते बाळाच्या पहिल्याच वर्षी एकदम ओतलेत तरी त्या वर्षाचं अनुदान ५००च. आणि ५०,०००च्या वर गेलात तर जादा रकमेवर दरमहा १ टक्का दंडकर.

पैसे काढतानाचा कर लोक उगाच मनाला लावून घेतात. तुम्ही भरलेली मूळ रक्कम करमुक्त परत मिळते, कारण भरताना तिच्यावर कर-वजावट घेतलेलीच नसते. अनुदान आणि वाढ हे विद्यार्थ्याचं उत्पन्न धरलं जातं. पहिले साधारण १६,००० डॉलर केंद्रीय करातून सुटतात, वर फीची सवलत, त्यामुळे बहुतेक मुलांना कर लागतच नाही किंवा नगण्य लागतो. पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या पहिल्या १३ आठवड्यांत मात्र या भागातून ८,००० डॉलरपर्यंतच उचलता येतात, तेव्हा पहिल्या सत्राचं भाडं आणि अनामत रक्कम यांचा हिशेब आधीच करा. मूळ रकमेला ही मर्यादा नाही.

नुकत्याच आलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पहिल्या एक-दोन वर्षांत मिळेल ती नोकरी धरलेली असते, उत्पन्न बेताचं असतं. अशा वेळी कॅनडा लर्निंग बाँड लागू होऊ शकतो: पात्र वर्षी सुरुवातीला ५०० डॉलर, पुढे प्रत्येक पात्र वर्षाला १००, एकूण २,०००पर्यंत, आणि त्यासाठी स्वतःचा एक पैसाही भरावा लागत नाही. नेहमीच्या अनुदानातही पहिल्या ५०० डॉलरवर उत्पन्नाप्रमाणे १० किंवा २० टक्के जादा मिळतात. विवरणपत्र वेळेवर भरणं आणि खातं उघडून अर्ज करणं एवढंच काम. क्वेबेकमध्ये प्रांताचे आणखी १० टक्के मिळतात. ब्रिटिश कोलंबियात १,२०० डॉलर एकदाच, पण अर्ज मुलाच्या सहाव्या आणि नवव्या वाढदिवसाच्या दरम्यानच करायचा. हा नववा वाढदिवस चुकवलेली घरं कमी नाहीत. ऑन्टारिओत प्रांताकडून असलं काहीच नाही.

आरईएसपी घ्यायचं ठरलं की कोणतं, हा पुढचा प्रश्न. दोन मुलं असतील किंवा दुसऱ्याचा विचार असेल तर फॅमिली प्लॅन, कारण एकानं शिक्षण सोडलं तर अनुदान ७,२००च्या मर्यादेत दुसऱ्याला वापरता येतं. त्यात स्वतःची मुलं, नातवंडं, भावंडं चालतात. भाचे-पुतणे चालत नाहीत. मामाला भाच्यासाठी काढायचं असेल तर वैयक्तिक प्लॅन. आणि नाशिकच्या आजोबांना कितीही हौस असली तरी खातेदाराला सिन नंबर लागतो. त्यांनी तुम्हाला पैसे द्यावेत, तुम्ही भरावेत.

तिसरा प्रकार ग्रुप प्लॅन, म्हणजे अनेक कुटुंबांचे पैसे एकत्र गुंतवणारी योजना. गणपतीच्या कार्यक्रमात प्रसादाच्या रांगेशेजारी टेबल मांडून हा विकताना मी पाहिलाय. विकणारा ओळखीचा, मराठीत बोलणारा, नाही म्हणायला संकोच वाटतो. यात सुरुवातीचे कितीतरी हप्ते शुल्कातच जातात, हप्ता ठरलेला असतो, आणि मध्येच थांबलात तर शुल्क बुडतं, वाढही बुडू शकते. नोकरी अजून स्थिरावली नसलेल्यांना हे परवडणारं नाही. सही करून बसला असाल तर ६० दिवसांत रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतात. बँकेतल्या किंवा ब्रोकरेजमधल्या साध्या आरईएसपीतही अनुदान तेवढंच मिळतं.

टीएफएसए खऱ्या अर्थानं पुढे जातं ते एकाच प्रश्नावर: परत जायचं का? मूल कॅनडाचं रहिवासी नसेल तर नवं अनुदान थांबतं, आणि साठलेलं अनुदानही अनिवासी विद्यार्थ्याला देता येत नाही, ते सरकारला परत जातं. तुमचे मूळ पैसे तुम्हाला मिळतात. वाढ शिक्षणासाठी देता येते. पण मूल शिकलंच नाही तर वाढ स्वतःला काढून घेण्यासाठी खातेदार कॅनडाचा रहिवासी असावा लागतो, आणि तेव्हाही नेहमीच्या करावर २० टक्के जादा कर लागतो (आरआरएसपी या निवृत्ती बचत खात्यात जागा असेल तर ५०,०००पर्यंत तिकडे वळवून तो वाचतो). तीन-चार वर्षांत भारतात जायचं नक्की असेल तर मी टीएफएसए निवडेन. "बघू, आईबाबांचं वय झालं की" एवढ्यावरच गाडी असेल तर आरईएसपी. त्या "बघू"त मुलं बारावी होतात. खातं ३५ वर्षं उघडं राहू शकतं, आणि परदेशातल्या विद्यापीठातला पूर्णवेळ अभ्यासक्रमही चालतो, फक्त अनुदान मिळायला मूल करासाठी कॅनडाचं रहिवासी राहिलेलं हवं.

उशीर झालाय असं वाटणाऱ्यांसाठी हिशेब. इथे जन्मलेल्या मुलाचं न वापरलेलं अनुदान साठून राहतं आणि दरवर्षी एक जुनं वर्ष भरून काढता येतं, म्हणजे ५,००० भरून १,००० मिळतात. मूल ज्या वर्षी १० वर्षांचं होतं त्या वर्षी सुरुवात केली तर सतराव्या वर्षापर्यंत आठ वर्षं मिळतात आणि पूर्ण ७,२०० पदरात पडतात. अकराव्या वर्षी सुरू केलंत तर ७,०००. आणि १५ वर्षं पूर्ण होणारं कॅलेंडर वर्ष संपेपर्यंत एकूण २,००० भरलेले नसतील, किंवा कोणत्याही चार वर्षांत दरवर्षी किमान १०० भरलेले नसतील, तर सोळाव्या-सतराव्या वर्षी भरलेल्या पैशांवर काहीही मिळत नाही. वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, एप्रिलमध्ये नाही.