उभ्या गाडीची बॅटरी उतरते: फ्यूज उपसायचे की फ्यूजवरच मोजायचं?

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर निगेटिव्ह वायर काढून ठेवा. सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी ठीक, करंट गाडीच खातेय. वायर काढूनही उतरली, तर बॅटरीच गेलीय, पुढची खटपट नको.

जुनी पद्धत अशी: निगेटिव्ह टर्मिनल आणि वायरीच्या मध्ये मल्टिमीटर (करंट-व्होल्टेज मोजायचं यंत्र) 10 अँपिअरवर लावायचा आणि एकेक फ्यूज उपसायचा; जो काढल्यावर आकडा पडेल, गळती त्याच लाइनवर. एकूण आकडा थेट कळतो, साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं. पण मीटर लावलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. शिवाय नव्या गाड्यांत फ्यूज काढला-घातला की झोपलेले कंट्रोल युनिट (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) जागे होतात, आकडा उसळतो आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं.

दुसऱ्या पद्धतीत फ्यूज जागेवरच राहतो. त्याच्या पाठीवरच्या दोन बारीक उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजायचे. शून्य म्हणजे तिथून करंट जात नाही. आकडा दिसला की त्या लाइनवरून करंट जातोय, चोर तिथे शोधा.

माझ्या गाडीत तो डिकीचा दिवा निघाला. झाकण लावल्यावरही आत जळत होता, काच हाताला गरम लागली. 5 वॉटचा बल्ब दिवसाला 10 अँपिअर-तास खातो. 35 अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत झोपणारच!

गळती आहे का, हे पहिल्या पद्धतीनं बघा. कुठे आहे, ते शोधायला मी दुसरीच वापरतो.