जुन्या दुनळीचं रस्ट ब्लूइंग: हाताने पेपर, बफिंग की ब्लास्टिंग?

बारा बोअरच्या जुन्या दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी बहुधा शिसं-कथिलाच्या डाखाने जोडलेली असते. ब्लूइंग म्हणजे पोलादावर निळसर-काळा थर चढवणं. गरम कॉस्टिकच्या ब्लूइंगमध्ये साधारण 140 अंशांचं क्षाराचं पाणी हा डाख खातं. म्हणून अशा बंदुकीला रस्ट ब्लूइंगच करतात. नळीवर द्रावण लावून गंज धरू द्यायचा, उकळून तो काळा करायचा, घासायचा आणि हेच पाच-सात वेळा. पण हा थर इतका पातळ असतो की खालचा प्रत्येक ओरखडा वर दिसतो. म्हणून आधी नळी नीट तयार करावी लागते.

हाताने पॉलिश पेपर मारायला दोन-तीन दिवस जातात, तरी जुन्या बंदुकीला आमची पसंती यालाच. 180 नंबरच्या पेपरापासून सुरुवात, मग 240, 320. फार तर 400. त्यापुढे आरसा केला तर द्रावण नीट धरत नाही आणि रंग चट्ट्याचट्ट्यांनी येतो. सपाट भागावर पेपरामागे लाकडाचा ठोकळा हवाच, नुसत्या बोटाने घासलं की लाटा पडतात. दर नंबरला दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे राहिलेत का ते कळतं. शेवटचा हात मात्र नळीच्या लांबीने. खोल खड्डे पूर्ण काढायच्या नादी लागू नका. तोंडाकडे नळीचा पत्रा आधीच पातळ असतो.

बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर घासणं, तासाभरात चमक देतं आणि तेवढ्याच वेळात नक्षी पुसतं, कडा गोल करतं, स्क्रूच्या भोकांच्या कडा ओढून नेतं. बंदुकीवरचा नंबर पुसट झाला तर प्रकरण कायद्यात जातं: शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 8 नुसार ओळखचिन्ह मिटवणं गुन्हा आहे. दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे वाळूजच्या एखाद्या शेडमध्ये ‘जरा बफ मारून द्या’ म्हणून बंदूक टाकून येता येत नाही.

ग्लास बीड ब्लास्टिंगने, म्हणजे काचेचे बारीक मणी हवेच्या दाबाने मारून, एकसारखा मंद काळा रंग येतो, बारीक खड्डे लपतात. कामाच्या बंदुकीला ठीक. नक्षीच्या जुन्या बंदुकीचं रूप मात्र जातं. वाळूचं ब्लास्टिंग नकोच.

जुना काळा थर उतरवायला पांढरं व्हिनेगर पुरतं. संडास साफ करायचं ॲसिड लावलं तर ते भेगांत, पट्टीखाली राहून नंतर गंज बाहेर काढतं.

पद्धत कुठलीही असो, शेवटी ॲसिटोनने तेल काढा आणि पुढे हातमोज्यांशिवाय शिवू नका. नळीवर पाण्याचा पडदा सलग राहिला पाहिजे. थेंब वेगळे झाले तर तेल उरलंय. उकळायला बोअरवेलचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग बसतात, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत गंज धरतच नाही, नळी बंद पेटीत ठेवून आत ओलं पोतं ठेवावं लागतं. श्रावणात उलट: तेल काढलेली नळी रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी द्रावणाआधीच ठिपके दिसतात, आणि पुन्हा 320 पासून घासावं लागतं.