लढाऊ विमानाचं रडार: सिंपलप्लेन्समध्ये की स्टॉर्मवर्क्समध्ये?

सिंपलप्लेन्स या विमानं बांधायच्या गेममध्ये विमान उडतंय, तोफा-क्षेपणास्त्रं लागलीत, फक्त कॉकपिटमधली रडारची काच अजून रिकामी आहे. ती तिथेच चालती करायची, की त्यासाठी लॅपटॉपवर स्टॉर्मवर्क्स हा दुसरा बांधणीचा गेम घ्यायचा, अशा पेचात असलेल्यांसाठी हे लिहितोय. पिस्टन काय, मायक्रोकंट्रोलर काय, हे माहीत आहे असं धरून चालतो.

आधी सिंपलप्लेन्स, कारण ते मोबाइलवर चालतं आणि लाइट गेली तरी डाव मोडत नाही. नवखे लोक गोल पडद्याच्या मागे लागतात. फिरणारी रेघ देखणी दिसते, पण लढाऊ विमानांत बी-स्कोप नावाची चौकोनी मांडणी वापरली जाते: आडवी दिशा, उभं अंतर. इथेही तीच सोपी पडते. साइन-कोसाइनची भानगड नाही, दोन पिस्टन पुरतात. एक पिस्टन पॅनेलमागे आडवा, त्याच्या टोकाला दुसरा उभा, आणि उभ्याच्या टोकाला बारीक केलेला हिरवा ठोकळा. हा झाला ठिपका.

उभ्या पिस्टनच्या इनपुटमध्ये टार्गेटडिस्टन्स (लक्ष्याचं अंतर) भागिले १०००० लिहा आणि ते क्लॅम्प०१ च्या (आकडा ० ते १ मध्ये अडवणाऱ्या सूत्राच्या) कंसात घाला. अंतर मीटरमध्ये मिळतं, म्हणजे काचेचा वरचा काठ १० किलोमीटरचा झाला. आडव्याला डेल्टाअँगल (दोन दिशांमधला कोन) लागतं, त्यात आधी हेडिंग (आपल्या नाकाची दिशा) आणि मग टार्गेटहेडिंग (लक्ष्याची दिशा). आलेल्या उत्तराला ६० ने भागा, उणे १ ते १ मध्ये अडवा, त्यात १ मिळवून निम्मं करा. म्हणजे नाकासमोरचं विमान पिस्टन अर्धा बाहेर असताना मधोमध येतं आणि दोन्ही बाजूंना ६०-६० अंश मिळतात. इथे डेल्टाअँगलऐवजी साधी वजाबाकी करणारे बरेच भेटतात. विमानाचं तोंड उत्तरेला आलं की त्यांचा ठिपका एका काठावरून थेट दुसऱ्या काठावर जातो, कारण ३५९ आणि १ यांच्यात गणिताने ३५८ चा फरक निघतो, प्रत्यक्षात तो फक्त २ अंश असतो. फोनवर टाइप करताना ऑटोकरेक्ट बंद ठेवा, नाहीतर सूत्रात नको तिथे नको तो शब्द घुसतो.

लक्ष्य निवडलेलं नसेल तेव्हा ठिपका लपवायचा असतो. टार्गेटसिलेक्टेडची (लक्ष्य निवडलंय का, याची) अट घालून नसेल तर शून्य द्या आणि शून्याची जागा पॅनेलच्या खालच्या पट्टीमागे येईल अशी बांधणी करा.

त्रास होतो तो जोरात वळताना. पिस्टन हे खरोखरचे सांधे आहेत. एकावर एक दोन चढवले की ७-८ जी मध्ये (वजनाच्या ७-८ पट जोर असताना) ठिपका मळणीयंत्रावर ठेवलेल्या कपासारखा हलतो. भागांचा ड्रॅग बंद करा, आपसातली टक्कर बंद करा, ठोकळा हलका करा, पिस्टनची धाव आखूड ठेवा. एवढं केलं की हेलकावे बरेच कमी होतात. पूर्ण जात नाहीत.

एक गोष्ट मात्र इथे फारच सोपी आहे, ती म्हणजे जवळ येण्याचा वेग. टार्गेटडिस्टन्सला रेटच्या (बदलाचा वेग काढणाऱ्या सूत्राच्या) कंसात घातलं की मीटर प्रति सेकंद तयार मिळतात. उणे म्हणजे जवळ येतोय. लेबलवर तो आकडा टाका, काम झालं.

एवढं सगळं जमल्यावरही सिंपलप्लेन्सवरून माझं मन उडालं ते एकाच कारणाने: गेम फक्त निवडलेल्या लक्ष्याची माहिती देतो. एका वेळी एकच. समोर तीन विमानं असली तरी काचेवर ठिपका एक. दुसरं बघायचं तर पुढचं लक्ष्य निवडायचं, मग तोच ठिपका उडी मारून तिकडे जातो आणि पहिलं विमान काचेवरून गायब. हुशारी म्हणून पिस्टनच्या चार जोड्या बसवल्या तर चारही ठिपके एकावर एक येऊन बसतात, कारण चौघांना आकडा एकच मिळतो. मग ते काय रडार? ज्याच्याकडे आपण आधीच बोट दाखवलंय, तो कुठे आहे हे सांगणारी ती सुई आहे.

आपल्याकडे रडार म्हटलं की कृत्रिम पाऊस आठवतो. २०१९ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, ढग हेरण्यासाठी डॉपलर रडार बसवलं होतं. आधी ढग दाखवा मग सांगतो, असं ते म्हणालं असतं तर विमान कशाला उडवलं असतं?

स्टॉर्मवर्क्समधलं रडार स्वतः शोधतं. नाकात बसवा, बाण पुढे आहे ना ते तपासा, कंपोझिट तार (अनेक आकडे एकत्र नेणारी) मायक्रोकंट्रोलरमधल्या लुआ ठोकळ्यात आणा; लुआ ही प्रोग्रॅम लिहायची भाषा. एका वेळी आठ लक्ष्यं, प्रत्येकाला चार चॅनेल: अंतर, आडवा कोन, उभा कोन आणि दिसल्यापासूनचा वेळ. पहिलं लक्ष्य १ ते ४ वर, दुसरं ५ ते ८ वर, असं ३२ पर्यंत. खरं-खोटंचे १ ते ८ चॅनेल त्या खान्यात कुणी आहे की नाही ते सांगतात. ते न तपासता आकडे काढले तर रिकाम्या खान्यांचे ठिपके काचेच्या तळाशी मधोमध साचतात.

मॉनिटर २ बाय २ चा घ्या, ६४ बाय ६४ पिक्सेल पुरतात. आकडे ऑनटिकमध्ये (गेमच्या दर टिकला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चालणारा भाग) वाचून टेबलात ठेवा, ऑनड्रॉमध्ये (पडदा रंगवणारा भाग) फक्त चित्र काढा. ठेच लागते ती कोनाला. रडार कोन फेऱ्यांमध्ये देतं, पूर्ण फेरी म्हणजे १, ०.१२५ म्हणजे ४५ अंश. तो तसाच साइनमध्ये घातला की लुआ त्याला रेडियन (कोन मोजायचं दुसरं माप) समजतो आणि ४५ अंशांवरचं विमान ७ अंशांवर दिसतं. सगळे ठिपके मधल्या पट्टीत दाटीवाटीने उभे दिसले तर २π ने गुणायचं राहिलंय असं समजा. बी-स्कोप काढलात तर हा गुणाकारही नको: कोनाला निम्म्या दृष्टिक्षेत्राने भागा, ३२ ने गुणा, ३२ मिळवा.

इथेही सगळं गोड नाही. कोन विमानाच्या अंगाशी बांधलेले असतात. ते उजवीकडे कलंडलं की काचेवरचं जग त्याच्यासोबत कलंडतं, उजवीकडचा शत्रू वर जातो. टिल्ट सेन्सर (कल मोजणारा) आडवा लावून रोल, म्हणजे विमान किती कलंडलंय ते, काढा आणि दोन्ही कोन त्याने उलट फिरवा. पण एकटा टिल्ट सेन्सर ९० अंशांच्या पुढे परत मागे मोजायला लागतो, उलटं विमान त्याला सरळच वाटतं. म्हणून दुसरा सेन्सर छताकडे तोंड करून लावा. त्याचं उत्तर उणे आलं की विमान पालथं आहे.

शिवाय आकडे थरथरतात. जवळ येण्याच्या वेगासाठी टिकागणिक वजाबाकी करून ६० ने गुणलं, तर अंतरातली ५ मीटरची थरथर ३०० मीटर प्रति सेकंदाचा खोटा वेग दाखवते. जुन्याचे नऊ भाग, नव्याचा एक, अशी सरासरी घ्या. मात्र मग ठिपका साधारण नऊ टिका मागे राहतो. ३०० च्या वेगाने येणाऱ्या विमानासाठी ते ४५ मीटर झाले. काचेवर दिसत नाही, तोफेच्या नेमात दिसतं. खान्यातला कोन एकदम उडाला तर सरासरी टाकून नव्याने सुरू करा, नाहीतर ठिपका एका विमानावरून दुसऱ्याकडे घसरत जाताना दिसेल.

मेहनत बघितली तर सिंपलप्लेन्सची काच एका संध्याकाळी उभी राहते. स्टॉर्मवर्क्सला रोलच्या दुरुस्तीसकट दोन-तीन रविवार धरा, आणि लॅपटॉप जुना असेल तर पंख्याचा आवाजही धरा. फोनशिवाय दुसरं काही हाताशी नसेल, किंवा फक्त कॉकपिट भरल्यासारखं दिसावं एवढंच हवं असेल, तर पिस्टनवर नाक मुरडायचं कारण नाही. पण अनोळखी आकाशात शिरून काच आधी बोलावी असं वाटत असेल, तर लुआ शिकलेलं बरं, असं मला तरी वाटतं. सुरुवात एका लक्ष्यापासून करा: फक्त चॅनेल १ आणि २, रोलची दुरुस्ती नको, विमान धावपट्टीवर उभं. समोर मित्राला घिरट्या घालायला लावा आणि ठिपका त्याच बाजूला सरकतो का ते बघा. उलटीकडे सरकत असेल तर आडव्या कोनाचं चिन्ह बदला.